एक सणक आणि बारा आठवडे

मैत्रिणींनो, दिवाळीच्या आधीचे आठ दिवस म्हणजे आपल्या बायकांची कसोटीच, नाही का? माळ्यावरचे डबे खाली काढायचे, पितळेची भांडी लख्ख करायची, गाद्यांना ऊन दाखवायचं, आणि हे आटोपतंय न आटोपतंय तोच चकलीची भाजणी दळायला टाकायची. २०२२ सालच्या दिवाळीआधी मीही याच गडबडीत होते. गच्चीवरची गादी वाकून उचलली, तशीच वळले, आणि उजव्या खुब्यामागून एक सणक निघाली ती मांडीच्या मागून, पोटरीच्या बाहेरच्या अंगानं थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत! विजेचा धक्का बसावा तशी. मी गादी टाकून कठड्याला धरून उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं.

आणि मग मी काय केलं असेन? तुम्ही केलं असतं तेच. गादी खाली आणली आणि चहा टाकला.

"काय झालं गं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही आई, जरा कंबर धरली."

हे "काही नाही" मी पुढचे आठ दिवस म्हणत राहिले. उभ्यानं चकल्या पाडल्या, कारण बसलं की कळ वाढायची. खोकला आला की पाय तुटून पडेल असं वाटायचं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री पाटावर बसले ती ह्यांनी हात दिल्याशिवाय उठूच शकले नाही. तेव्हा कुठे घराला कळलं.

खरं सांगू? दुखण्यापेक्षा मला भीती जास्त होती, आणि तिला कारण होतं. १९७९ साली माझ्या आईला हेच दुखणं झालं होतं. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे सहा आठवडे तिला लाकडी फळीवर झोपवलं होतं, पायाला वजनं बांधून. आम्ही भावंडं चवड्यांवर चालायचो. घर आत्याच्या हाती गेलं. आई उठली, पण कायमची धास्तावूनच. पुढे आयुष्यभर तिनं पाण्याची कळशी उचलली नाही, नातवंडालाही कधी कडेवर घेतलं नाही. "माझी कंबर गेली" हेच तिचं वाक्य. मला वाटलं, आता माझी फळी आली!

पाडव्यानंतर शेजारणीनं एक मालीश करणारी बाई आणली. बिचारीचा हेतू चांगला होता. कोमट तेलाचा हात फिरला तेव्हा बरंही वाटलं. पण मग तिनं "शीर बसवते" म्हणून गुडघा रोवून पाय असा काही ओढला, की रात्रभर मी कण्हत होते. दुसऱ्या दिवशी भाजी आणायला निघाले, तर फाटकापाशी सासूबाईंनी हाक मारली, "अगं, चप्पल मागेच राहिली की तुझी!" उजव्या पायातली चप्पल निसटली होती आणि मला पत्ताच नव्हता.

मग मात्र हे काही ऐकेनात. तसंच रिक्षात घालून आमच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

त्यांनी मला उताणं झोपवलं, पाय सरळ ठेवून वर उचलला. अर्ध्यावर येतो न येतो तोच कळ! मग म्हणाल्या, "टाचांवर चालून दाखवा." डावं पाऊल उचललं जायचं, उजव्याचा पुढचा भाग खाली पडायचा. त्यांचा चेहरा जरा गंभीर झाला. "हे चप्पल निसटणं पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं," म्हणाल्या. मी कसं सांगणार? मी तर दुखतंय हेच सांगितलं नव्हतं.

हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, एम. आर. आय. झाला. कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती सरकली होती. म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगते. दर दोन मणक्यांमध्ये एक चकती असते, अगदी करंजीसारखी. बाहेर चिवट पारी, आत मऊ सारण. पारीला भेग पडली की सारण बाहेर डोकावतं आणि शेजारून जाणाऱ्या नसेच्या मुळाला टेकतं. तिथे दाह होतो, नस चिडते. ही नस आपल्या शरीरातली सगळ्यांत लांब आणि जाड. कंबरेपासून निघून खाली पावलापर्यंत तिच्या शाखा पोचतात. म्हणून बिघाड कंबरेत आणि बोंब अंगठ्यात! सायटिकाचं हे सगळ्यांत नेहमीचं कारण मिक्स्टर आणि बार या दोन अमेरिकी डॉक्टरांनी १९३४ साली स्पष्ट मांडलं. आयुर्वेदात मात्र या दुखण्याला फार जुनं नाव आहे, गृध्रसी. गृध्र म्हणजे गिधाड. रुग्ण तसा लंगडत, डुलत चालतो म्हणून. मी आरशासमोरून चालत गेले तेव्हा नाव अगदी पटलं!

"आता फळीवर किती आठवडे?" मी डॉक्टरांना विचारलं. ते हसले. म्हणाले, "फळी नाही, वजनं नाहीत. अगदीच असह्य असेल तर एखाददुसरा दिवस पडा. मग हळूहळू चालायला लागा." माझा विश्वास बसेना. तेव्हा त्यांनी सांगितलं, की १९९९ साली हॉलंडमध्ये सायटिकाच्या १८३ रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना दोन आठवडे अंथरुणात पडून राहायला सांगितलं, बाकीच्यांना जमेल तसं हिंडाफिरायला. बारा आठवड्यांनी दोन्हीकडे शंभरातले सत्त्याऐंशी जण सुधारले होते. म्हणजे पडून राहणाऱ्यांना जास्तीचं काहीच मिळालं नाही. बाहेर आलेलं सारण बऱ्याच वेळा शरीर आपणच हळूहळू शोषून घेतं. मैत्रिणींनो, त्या क्षणी मला आईची फार आठवण झाली. त्या फळीनं तिची कंबर वाचवली असेल-नसेल, पण तिचा धीर मात्र नेला.

माझ्या पायात अशक्तपणा होता म्हणून एक अट घातली. रोज सकाळी भिंतीला हात टेकून टाचांवर उभं राहून बघायचं. पाऊल कालच्यापेक्षा जास्त पडतंय असं वाटलं, तर त्याच दिवशी दवाखाना. तसं झालं असतं तर ऑपरेशनचा विचार करावा लागला असता.

आता घरी काय काय केलं, ते सांगते.

पहिलं म्हणजे पडण्याची रीत. उताणं झोपून पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवल्या की मला सर्वांत आराम वाटे. रात्री कुशीवर, दोन्ही गुडघ्यांत उशी. उठताना एकदम बसायचं नाही. कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हातांचा रेटा देऊन उठायचं. आणि हो, कडक फळीचा हट्ट सोडा. जुनाट कंबरदुखीसाठी फार कडक गादीपेक्षा मध्यम घट्ट गादीच बरी, असं २००३ साली स्पेनमधल्या अभ्यासातही दिसलं.

दुसरं, चालणं. पहिल्या आठवड्यात दर तासाला घरातल्या घरात पाच मिनिटं. मग अंगणात दहा, मग कोपऱ्यापर्यंत वीस. थोडं दुखलं तरी चालतं. पण कळ पायात खाली खाली जायला लागली की थांबायचं. सलग बसणं मात्र वाईट. मी वीस मिनिटांचं घड्याळ लावायची, मालिका रंगात आली तरी उठायची!

तिसरं, शेक. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून कंबरेला पंधरा-वीस मिनिटं. पण एक लक्षात ठेवा. जिथे बधिरपणा आहे तिथे शेक नको. चटका कळत नाही आणि फोड येतो.

चौथं, पालथं झोपणं. हे फिजिओथेरपीवाल्या ताईंनी शिकवलं. यामागे गंमतीदार हकिकत आहे. १९५६ साली न्यूझीलंडमध्ये रॉबिन मॅकेन्झी यांच्या दवाखान्यात एक रुग्ण चुकून डोक्याकडून उंच केलेल्या टेबलावर पालथा पडून राहिला. मॅकेन्झी येऊन बघतात तर त्याची पायातली कळ गेलेली! त्यातूनच त्यांची व्यायामाची पद्धत उभी राहिली. आधी दोन मिनिटं नुसतं पालथं, मग कोपरांवर छाती उचलून. खूण अशी, की कळ पावलातून वर सरकत कंबरेत गोळा झाली तर चांगलं, कंबर थोडी जास्त दुखली तरीही. उलट ती पायात उतरली तर हा व्यायाम तुमच्यासाठी नाही, लगेच थांबवा. म्हणूनच आधी जाणकाराकडून शिकून घ्या. ओढणं, पिळणं, मणका "बसवणं" मात्र कुणाकडूनही नको. मी अनुभवानं सांगते.

पाचवं, घरकाम. विळी पार बंद, भाजी ओट्यावर सुरीनं. ओट्याशी उभं राहताना एक पाय आळीपाळीनं छोट्या पाटावर. बादली अर्धीच भरायची, अंगाजवळ धरायची आणि गुडघ्यांत वाकून उचलायची. वाकणं आणि वळणं एकाच वेळी कधी नाही. माझी गादी आठवा! केरसुणीऐवजी लांब दांड्याचा झाडू. शिंक आली की भिंत धरायची. पोट साफ राहील असं खायचं, कारण कुंथताना कळ भयंकर उठते. वेदनेच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या तेवढ्याच, तितकेच दिवस. शेजारणीच्या डब्यातल्या नकोत; पित्त, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मुळीच नकोत.

आणि आता एक गोष्ट, जी बायका लाजेनं बोलत नाहीत. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतला आणि बसण्याचा भाग बधिर झाला, किंवा दोन्ही पायांतली शक्ती जायला लागली, तर शेक, तेल, व्यायाम सगळं बाजूला ठेवा. सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा. तिथे काही तासांचाही फरक पडतो. ताप, विनाकारण वजन घटणं, पडल्यानंतरचं दुखणं, पूर्वी कर्करोग झालेला असणं, हेही डॉक्टरांना लगेच सांगायचं.

हे सगळे उपाय सोपे. कठीण होतं ते वेगळंच. मी पडलेली आणि हे कपडे वाळत घालताहेत, मुलगा कुकर लावतोय, हे बघवेना. घड्या वेडयावाकड्या, गाद्यांची चवड तिरकी! पहिल्या आठवड्यात मी दोनदा उठून त्या गाद्या सरळ केल्या आणि दोन्ही वेळा रात्र जागून काढली. दुसऱ्या वेळी सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. ऐंशी वर्षांचं माणूस. बराच वेळ गप्प होत्या, मग हळूच म्हणाल्या,

"माझ्याही पायात अशीच कळ यायची गं. धाकटा वर्षाचा होता तेव्हा. दीड वर्ष होती."

"आई, तुम्ही कधी बोलला नाहीत!"

"कुणाला सांगणार? सांगून पाणी कोण भरणार होतं?" मग त्यांनी आपलं उजवं पाऊल माझ्यापुढे केलं. "हा अंगठा बघ. तेव्हापासून वर उचलत नाही. म्हणून तर मी पायघडीलासुद्धा अडखळते. तुम्ही सगळे म्हातारपण म्हणता."

मी त्या अंगठ्याकडे बघतच राहिले. बावीस वर्षं आम्ही एका घरात राहतोय. त्यांच्या अडखळण्यावर आम्ही हसलोही होतो. त्या रात्री गाद्या तिरक्याच राहिल्या आणि मी झोपले.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनीच घरात फर्मान काढलं, "ती सांगेल तोवर तिनं काही उचलायचं नाही." हे हळूहळू घडी घालायला शिकले. आठव्या आठवड्यात माझं पाऊल टाचेवर जवळजवळ नीट उभं राहिलं. मी ओरडून सगळ्यांना बोलावलं आणि त्या अवतारातच, भिंत धरून, चार पावलं टाचांवर चालून दाखवली!

बारावा आठवडा संपेतो २०२३ ची संक्रांत आली. तिळगुळाचे लाडू मी ओट्याशी उभ्यानं वळले. कळ गेली होती. अंगठ्याजवळ थोडा बधिरपणा आजही आहे. तो असू दे, आठवण म्हणून बरा. चालणं आणि पालथं झोपणं मी सोडलेलं नाही.

हळदीकुंकवाला आमच्या ओळखीच्या एकजणी आल्या होत्या. वाण घेताना त्या जरा वेड्यावाकड्या वाकल्या आणि "आई गं" म्हणाल्या. "काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही हो, पाय जरा दुखतो. चालायचंच."

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून सासूबाई म्हणाल्या, "चालायचं कसं? आधी इथे बस, आणि कुठून कुठपर्यंत दुखतं ते सांग."

मैत्रिणींनो, तुमच्या घरात असं विचारणारं कुणी असेल तर छानच. नसेल, तर आज मी विचारते. कुठून कुठपर्यंत दुखतंय? तेवढं घरात कुणाला तरी आजच सांगा.