हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरात मी बँकेत जाऊन आपण हयात असल्याची सही करून येतो. ठाणे जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत मराठी शिकवून २०१७ साली, अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो आणि हुपरीच्या वडिलोपार्जित घरी परतलो. 'निवृत्तिवेतन' हा शब्द समासाचे उदाहरण म्हणून मी अनेकदा फळ्यावर लिहिला असेल. निवृत्ती म्हणताच ज्याला ज्ञानदेवांचे थोरले बंधू आठवतात त्या भाषेने तिला वेतन चिकटवावे, यातली गंमत मात्र तेव्हा जाणवली नव्हती.

शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्म्या रकमेत शहरात भागणार नव्हते, हे परतण्याचे खरे कारण. गावाची ओढ वगैरे मी नंतर सांगू लागलो. पेन्शनचा चाळीस टक्के भाग विकून, म्हणजे अंशराशीकरण करून, घराचे छप्पर बदलले. तो भाग पंधरा वर्षांनी, २०३२ साली, पुन्हा सुरू होईल. मी त्र्याहत्तर वर्षांचा असेन. महागाई भत्ता तेवढा मूळ पूर्ण रकमेवर मिळतो. घरभाडे नाही, भाजी दारात, दूध ओळखीचे. हिशेब जमतो. जमत नाही तो दुखण्यांचा: पत्नीच्या छातीत कळ आली त्या रात्री कोल्हापूरचा रस्ता कधी नव्हे इतका लांब वाटला.

आमच्या गल्लीत अजूनही आटणीचा वास येतो. हे चांदीचे गाव. इथले पैंजण देशभर जातात. शेजारच्या वहिनी तीसेक वर्षे घरीच पैंजणांना घुंगरू जोडतात. मजुरी मालाच्या वजनावर. २०२५ मध्ये चांदी किलोला लाखापलीकडे गेली तेव्हा लोक म्हणाले, हुपरीची चंगळ झाली. वहिनींकडे माल येणेच कमी झाले.

परवा बँकेतून परतताना त्यांनी उंबऱ्यावरूनच विचारले, "काय गुरुजी, सही झाली न्हवं?"

"झाली, वहिनी."

"बरं हाय बघा तुमचं. नुसतं जित्तं ऱ्हायचं."

त्या हसल्या, टोमणा नव्हता. मी मात्र घरात येऊन बराच वेळ चप्पल न काढता बसलो. १९८२ च्या नाकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पेन्शन ही सरकारची मेहरबानी नव्हे, पूर्वी केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे. संघटनेच्या सभेत हे वाक्य मी स्वतः ठासून सांगितले आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेले माझे तरुण सहकारी जुनी पेन्शन मागत मार्च २०२३ मध्ये संपावर गेले, तेव्हाही तोच मुद्दा होता. पण मग वहिनींच्या तीस वर्षांचा मोबदला कोणाकडे शिल्लक आहे? पासष्टी गाठली, उत्पन्नाची अट जुळली, तर श्रावणबाळ योजनेचे महिना दीड हजार. गावात मला स्वस्ताई म्हणून जे परवडते, त्यात त्यांची मजुरीही आलीच.

गेल्या दिवाळीत नातीसाठी पैंजण त्यांच्याकडूनच करून घेतले. मजुरी विचारली, तर "गुरुजींकडनं काय घ्यायचं" म्हणाल्या. मी आग्रह केला. पण फार नाही.