संगणकाची सकाळ

आमच्या घरातील संगणक २०१४ सालचा. अलीकडे तो सुरू होण्यास साडेसहा मिनिटे घेऊ लागला होता. कळ दाबून मी स्नान उरकून यावे, तरी पडद्यावरचे ठिपके गोल फिरतच असत. भोसरीत बेअरिंगचे दुकान चालविणारे धाकटे चिरंजीव एके दिवशी म्हणाले, ‘पप्पा, भंगारात द्या. नवा घेऊ.’ परंतु कारण समजल्याशिवाय मंजुरी देण्याची सवय मला बँकेने लावली नाही.

बँकेची शाखा सकाळी कशी उघडते, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. दोन अधिकारी दोन किल्ल्या लावतात, तिजोरी उघडते, रोखपालाला रक्कम मिळते, मग दार उघडते. आता कल्पना करा, रोखपाल खुर्चीत बसण्यापूर्वीच वीस विमा प्रतिनिधी आत शिरले आणि प्रत्येकाने शिपायाला आपल्याच कामाला जुंपले. संगणकाचे नेमके हेच झाले होते.

नातवाने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून ‘टास्क मॅनेजर’ उघडला व ‘स्टार्टअप’ हे पान दाखविले. तेथे एकोणीस नावे होती. कधीच विकून टाकलेल्या प्रिंटरचा मदतनीस, दोन गाण्यांचे प्लेयर, व्हिडिओ कॉलची दोन साधने, एका जुन्या मोबाईलचा जोडणी-कार्यक्रम. यांना आम्ही कधी बोलावले होते, तेही आठवेना. एकेक नाव ‘डिसेबल’ केले. त्याने कार्यक्रम पुसला जात नाही, केवळ न बोलावता येणे थांबते. विषाणूरोधक आणि ध्वनीची नावे मात्र जागची हलविली नाहीत. पहारेकऱ्याला कामावरून काढून काटकसर होत नसते.

यादीच्या तळाशी एक एक्सेलची फाईल होती. पत्नीची. भोसरीचे सूर्योदय, नवकारशी, पोरिसी आणि तिथी यांचा तक्ता तिने २०१७ साली स्वतः टंकला होता व संगणक उघडताच तो समोर यावा, अशी व्यवस्था मुलीकडून करून घेतली होती. चहाचे आधण ठेवण्यापूर्वी ती तो पाही. तिला जाऊन चार वर्षे झाली. तक्ता रोज उघडत होता आणि मी रोज न वाचता बंद करीत होतो.

एक्सेल हा जड कार्यक्रम; हिशेबाने तो आधी जायला हवा. नातू माझ्याकडे पाहू लागला. तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी परिग्रहाचे माप वस्तूंच्या संख्येत नव्हे, तर आसक्तीत धरले आहे, हे मी पर्युषणात अनेकदा ऐकले आहे. त्या मापाने बाकीची नावे काढताना मी काहीच सोडले नव्हते. ‘राहू दे,’ एवढेच म्हणालो.

वेळ चार मिनिटांवर आली. त्याच साधनात डिस्कचा वापर मात्र शंभर टक्क्यांवर खिळलेला दिसे. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते आणि वाचणारी सुई हजारो लहान फाईलींसाठी इकडून तिकडे धावते. नव्या एसएसडीत फिरणारे काहीच नसते. प्रथम सर्व कागदपत्रे व छायाचित्रे बाहेरच्या डिस्कवर उतरविली. हे पाऊल कोणीही टाळू नये. गुरुवारी एमआयडीसीची सुटी असल्याने ओळखीच्या तंत्रज्ञाला सवड होती. दोन हजारांच्या आसपास खर्च आला. आता पस्तीस सेकंद लागतात.

मात्र विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने बँकेचे व्यवहार मी या यंत्रावर करीत नाही. पत्रे, घरखर्च, छपाई, एवढेच.

आणि तक्ता. आता तो इतक्या लवकर समोर येतो की वाचल्यावाचून राहवत नाही. तिथी अर्थातच चुकतात; त्या २०१७ च्या आहेत. सूर्योदय मात्र वर्षानुवर्षे जवळजवळ त्याच मिनिटाला होतो. जूनच्या आरंभी सहाला थोडी कमी, जानेवारीत सात वाजून गेल्यावर. त्यात अठ्ठेचाळीस मिनिटे मिळवून नवकारशी. पंचांगाशी ताडून पाहिले. तिचा आकडा बरोबर होता. चहा त्यानंतरच ठेवतो.