बऊरच्या पुलावरून

पुण्याहून लोणावळ्याची लोकल धरली की पिंपरी, चिंचवड, आकुर्डी ही कारखान्यांची स्टेशने मागे पडतात आणि तळेगावच्या पुढे भातखाचरे दिसू लागतात. कामशेतला उतरा आणि दक्षिणेला बऊर गावाकडे चला. हा पवन मावळ. श्रावणात आलात तर खाचरांत इंद्रायणी भात डोलताना दिसेल. हे वाण १९८७ साली जवळच्याच वडगावच्या भात संशोधन केंद्रातून बाहेर पडले.

गावाजवळून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जातो. ९४.५ किलोमीटरचा हा रस्ता २००२ साली पुरा खुला झाला. टोल भरून मोटारी सुसाट धावतात. बैलगाडी, ट्रॅक्टर, दुचाकी यांना मात्र मज्जाव. ज्यांची शिवारे कापून रस्ता गेला, त्यांनी पूल शोधून पलीकडे जायचे!

पण बऊरचे नाव गाजले ते पाण्यापायी. पवना धरणाचे पाणी नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तिथून पिंपरी-चिंचवड शहर ते उचलते. वाटेतली गावे नदीवर मोटारी बसवून शेते भिजवतात. महापालिकेने ठरवले की धरणातून थेट निगडीपर्यंत, सुमारे ३५ किलोमीटर, बंद नळातून पाणी न्यायचे. गळती टळेल, वाटेतली घाण मिसळणार नाही. शहराची तहान काही खोटी नव्हे. पण शेतकरी विचारू लागला, पाणी नळात गेले तर नदीत काय उरेल? शिवाय नळासाठी पुन्हा जमीन द्यायची. धरणात जमिनी गेलेल्या अनेकांनी पर्यायी जमिनीसाठी वर्षानुवर्षे खेटे घातले होते. त्यांना नव्या आश्वासनाचा भरवसा कसा वाटावा?

९ ऑगस्ट २०११, क्रांतिदिन. एरवी जिथे बैलगाडीला बंदी, त्याच रस्त्यावर बऊरजवळ शेतकरी उतरले आणि वाहतूक थांबली. पोलिसांनी गोळीबार केला. दोन पुरुष आणि एक बाई, असे तिघे शेतकरी गेले. एवढे झाल्यावर कामाला स्थगिती आली. २०२३ साली सरकारने ती उठवली, तेव्हा गावे पुन्हा विरोधाला उभी राहिली.

पुलावर घटकाभर थांबा. खालून गाड्या जातच राहतात.

परतताना चिंचवडला कुणा पाहुण्यांकडे गेलात, तर आधी तांब्याभर पाणी पुढे येईल. ते पवनेचेच.