पसरणीच्या घाटांत

पुण्याहून महाबळेश्वरास जाणाऱ्या मंडळींस वाई हें केवळ चहापुरतें थांबण्याचें गांव वाटतें, ही त्या गांवाची उपेक्षाच होय. आम्ही तरी ढोल्या गणपतीचें दर्शन घेतल्यावांचून घाट चढत नाहीं. कृष्णेचे दगडी घाट, जवळच मेणवलीस नाना फडणिसांचा वाडा आणि तेथील ती पोर्तुगीज घंटा हें सारें वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. सन १७३९ मध्यें चिमाजीअप्पांनीं वसई जिंकल्यावर ज्या घंटा देशावर आल्या, त्यांपैकींच ही एक. पण या खेपेस आमच्या स्मरणांत राहिला तो वाईहून पांचगणीस चढणारा पसरणीचा घाट, आणि त्याचें कारण सृष्टिसौंदर्य नव्हे.

मोटार हांकीत होती आमची कन्या, घरांतली ताई. वय १९, परवाना हातीं येऊन वर्षहि झालेलें नव्हतें. तिच्या शेजारीं आम्ही. मागें आमच्या मातोश्री, मंडळी, आणि दोघींच्या मध्यें १४ वर्षांचा बाबू.

सुरूरच्या फाट्यापर्यंत बाबूच्या लीला आम्हीं कौतुकानेंच पाहिल्या. कधीं त्यानें गाण्याचें बटण फिरवावें, कधीं मोबाईलवरचें चित्र तिच्या डोळ्यांपुढें धरावें. पट्टा तर त्यानें खंबाटकी ओलांडतांच सोडून टाकला होता. ताई दोनदां "बाबू, पुरे" म्हणाली. आम्ही हंसलों. भावाबहिणींची थट्टा, तींत वडिलांनीं काय पडावें!

शाहीर साबळे यांचें जन्मगांव पसरणी मागें पडलें आणि वळणें लागलीं. एका अंगास कातळ, दुसऱ्या अंगास दरी. खालीं शेतांचे चौकोन, दूर धोम धरणाचें पाणी, पलीकडे पांडवगड. पुढें एस. टी.ची बस धापा टाकीत चढत होती. बाबू दोन्ही बैठकांमधून पुढें झुकला व ओरडला, "काढ ना पुढें, ताई! घाबरट कुठली!" आणि (लिहितांना लाज वाटते, पण लिहिलें पाहिजे) आम्हींहि म्हटलें, "आहे जागा, घे." त्याच क्षणीं बाबूनें तिचा खांदा हालविला.

ताई बसच्या मागेंच राहिली. दुसऱ्याच क्षणीं वळणावरून भरलेला मालट्रक खालीं आला. बस एकदम थांबली, ताईनें ब्रेक दाबला, आणि बाबू गिअरच्या दांड्यावर येऊन आदळला. ओठ फुटला, दांत वांचले. सगळ्यांस वाटा देऊन आणलेला चिवडा मात्र आमच्या डोक्यावरून सांडला.

पुढें रस्ता रुंद झाला तेथें तिनें मोटार कडेला घेतली, हातब्रेक ओढला, इंजिन बंद केलें. आधीं भावाचा ओठ पाण्यानें धुतला. मग बोलली, आवाज कांपत होता, पण चढला नाहीं. "बाबू, पट्टा लावल्याखेरीज मी चावी फिरवणार नाहीं. माझ्या हाताखांद्याला शिवायचें नाहीं. काय दाखवायचें तें मोटार थांबल्यावर. आणि पुढें कधीं काढायचें तें मी ठरवीन." मग आमच्याकडे वळून, "बाबा, तुम्हीसुद्धां."

आमच्या घरांत वडील माणसास असें कोणी बोललेलें आम्हांस आठवत नाहीं. उत्तर ओठांवर आलें होतें. पण तिचें म्हणणें खोडावें तरी कसें? ताशीं ४० किलोमीटर वेगानें मोटार एका सेकंदांत ११ मीटर जाते. चित्राकडे दोन सेकंद मान वळली कीं तेवढ्यांत वळण संपतें. पट्ट्याचा नियम मागच्या बैठकीसहि लागू आहे, व २०१९ च्या दुरुस्तीनें त्याचा दंड १,००० रुपये झाला आहे. दंडाची गोष्ट सोडा. मागचा मोकळा माणूस धक्क्यासरशी पुढच्याच्या पाठीवर येतो, हें तर नुकतेंच पाहिलें होतें.

बाबू फुगून बसला. पट्टा लावीना. ताईहि चावीला हात लावीना. कठड्यावर वानरें जमलीं, मागून येणाऱ्या गाड्या निघून गेल्या. दहा मिनिटें अशीं गेलीं. अखेर मातोश्री म्हणाल्या, "बैलगाडींतसुद्धां गाडीवानाच्या पाठीशीं कोणी खेळत नसे. ताई, माझाहि पट्टा सुटलाय वाटतं, बघ बाई." दोन खटके पाठोपाठ वाजले. दुसरा बाबूचा होता.

पांचगणीपर्यंत तो तिच्याशीं बोलला नाहीं. टेबललँडवर वाऱ्यानें त्याची टोपी उडाली, तेव्हां धांवत जाऊन ती ताईनेंच आणली. मग कोठें बोलणें सुरू झालें.

तिसऱ्या दिवशीं परत उतरतांना ती दुसऱ्या गिअरमध्येंच हळूहळू येत होती. एके अरुंद जागीं चढणाऱ्या बसला वाट देण्यासाठीं तिनें मोटार थांबविली. वास्तविक आपली मोटार सहज निघाली असती असें आम्हांस वाटलें. जीभ हलली, ती आवरली. मागें बाबू आजीला विचारीत होता, "पट्टा नीट बसलाय ना?"