नारळावर चढवू नकोस

न्हावा शेवा
कार्तिक वद्य पंचमी

चि. भाचीस,

तुझ्या नागावच्या वाडीसाठी ड्रॅगन फ्रूटचे तुकडे पाठवते आहे. बी टाकलं तर चालेल का, असं विचारलं होतंस. चालेल, पण फळाची वाट चार-पाच वर्षं पाहावी लागेल. छाट लावलीस तर दीड-दोन वर्षांत फळ धरतं आणि ते आईवेलीसारखंच निघतं.

तुकडे वीतभर, जुन्या फांदीचे आहेत. कोवळे मुद्दाम टाळले, ते कुजतात. आल्या आल्या मातीत खोचू नकोस. आठवडाभर सावलीत, वाऱ्यावर पडू देत. कापलेली जागा सुकून टणक झाली की दोन बोटं खोल लाव. लगेच पाणी नको. मुळंच नाहीत त्याला पाणी पाजून काय करायचं? महिनाभरात तुकडा हलवून हलेनासा झाला, म्हणजे रुजला.

दुष्काळी भागातलं पीक म्हणून याची कीर्ती. आपल्याकडे गत उलटी. तहान ते सोसतं, साचलेलं पाणी सोसत नाही. पावसाळ्यात बुडाशी पाणी राहिलं की खोड पिवळं पडून मऊ होतं. तुझी जमीन वाळूची, तरी हातभर उंच वरंबा कर. मी गच्चीत ड्रममध्येच लावते. जमीन कुठे उरली आहे? शेव्याची भातशेती, मिठागरं बंदराने घेतली. 1989 पासून तिथे कंटेनर उतरतात. गंमत बघ, व्हिएतनामची हीच फळं थंड कंटेनरमधून इथे येतात. मूळचं ते व्हिएतनामचंही नाही, मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं. व्हिएतनामला फ्रेंचांनी नेलं. आणि 2021 मध्ये सांगलीच्या तडसर गावची फळं दुबईला गेली. त्याच वर्षी गुजरात सरकारने त्याला ‘कमलम्’ म्हणायचं ठरवलं. नाव काही ठेवा, जात निवडुंगाचीच.

फड्या निवडुंगाची लाल बोंडं आपल्या आजीच्या पिढीने खाल्ली. त्याचं एकेक तुटलेलं फडं रुजायचं, म्हणून तोडून ते वाढायचंच. शेवटी 1926 मध्ये दक्षिण भारतात कोचिनील जातीचा किडा सोडला, तेव्हा कुठे हटलं. निवडुंगाची तुकड्यातून रुजायची ही खोड आता आपल्या कामाची!

वाडीत नारळ-पोफळी आहेत, त्यांवर वेल सोडायचा मोह होईल. सोडू नकोस. ती नुसती वर जात राहते. फांद्या खाली लोंबल्या की फुलं चांगली येतात. पाच फुटी सिमेंटचा खांब, माथ्यावर जुना टायर, आणि त्यातून फांद्या छत्रीसारख्या चहूकडे.

लाल दोऱ्याचे तुकडे लाल गराचे, पांढऱ्या दोऱ्याचे पांढऱ्या. दोन्ही जवळजवळ लाव. लाल गराच्या बऱ्याच जातींना स्वतःचे पराग चालत नाहीत, आणि एका वेलीचे शंभर तुकडे म्हणजे एकच झाड. फूल रात्री उमलतं, सकाळी मिटतं. तेव्हा बॅटरी आणि मऊ ब्रश घेऊन रात्रीच जायचं. पावसाने पराग धुतले तर ते फूल गेलंच समज.

तुझ्या दिरांना अर्धा एकर एकदम लावायचंय म्हणे. त्यांना थांबव. तुकडे फुकट मिळतात, खांब नाही. एक पावसाळा निभू दे, मग बोलू.

प्रत्येक तुकड्याचं बुडाकडचं टोक मी तिरपं कापलंय. तेच मातीत जाऊ दे, उलटं लावू नकोस.

तुझी मावशी