डबल

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बंगळूरच्या बसवनगुडीतल्या आम्हा मुलांचा जीव 'बिग फन' बबलगमच्या चित्रांत अडकलेला असे. गमची गोडी चार चावांत संपायची, ओढ असायची ती आतल्या क्रिकेटपटूची. चित्रावर रन किंवा विकेट छापलेल्या असत आणि ठरलेली बेरीज जमली की बक्षीस मिळे. आमच्या गल्लीत मात्र बेरजेपेक्षा संच पुरा असण्याला मान होता. 14 ऑक्टोबर 1987 ला विश्वचषकात भारताने न्यूझीलंडला आमच्याच गावात 16 धावांनी हरवलं, कपिलने नाबाद 72 केल्या आणि कपिलचा भाव एकदम चढला. एका कपिलसाठी मुलं तीन-तीन चित्रं मोजू लागली.

सौदे व्हायचे ते ब्यूगल रॉकच्या खडकांवर, शाळा सुटल्यावर. रबरबँड काढायचा, चित्रं पंख्यासारखी न पसरता एकावर एक सरकवत दाखवायची, म्हणजे आपल्याकडे काय कमी आहे ते समोरच्याला कळत नाही. चित्रांवर गमची पांढरी भुकटी असायची, बोटांना चिकटायची. कोपरा दुमडलेला असेल तर किंमत निम्मी. घरी आम्ही मराठी बोलायचो, पण हा सगळा व्यवहार कन्नडमध्ये चाले. 'नन्न हत्तिर डबल इदे', म्हणजे 'माझ्याकडे डबल आहे', असं कुणी म्हणालं की सगळे त्याच्याभोवती गोळा. दिवाळीच्या सुट्टीत बेळगावला मामाकडे जाताना मी माझे सगळे डबल बरोबर न्यायचो. तिथल्या दुकानात वेगळी खोकी आलेली असत. इथे वर्षभर न दिसलेला खेळाडू तिथल्या मामेभावाकडे ढिगाने, आणि आमचे नकोसे झालेले त्याला हवे. त्याच्या-माझ्या वह्या शेजारी ठेवून आम्ही रात्री उशिरापर्यंत हिशेब करत बसायचो.

त्या खटाटोपामागचं गणित कळलं ते पुढे कॉलेजात. संच पुरा व्हायला किती पाकिटं लागतील, हा प्रश्न अब्राहम द म्वाव्र यांच्या 1712 च्या प्रबंधापासून गणिती सोडवत आले आहेत. समजा 20 पत्त्यांचा संच आहे, प्रत्येक पाकिटात एक पत्ता आणि सगळे सारख्याच प्रमाणात छापलेले. सगळे जमायला सरासरी 72 पाकिटं लागतात. पहिले दहा साधारण 13-14 पाकिटांतच हाती येतात. उरलेल्या दहांसाठी 58 च्या वर. एकटा शेवटचा पत्ता सरासरी 20 पाकिटं खातो, म्हणजे पहिल्या दहांपेक्षा जास्त. पण चार मुलांनी मिळून चार संच लावायचे ठरवले आणि डबल एकमेकांना दिले, तर चौपट पाकिटं लागत नाहीत, कितीतरी कमी लागतात. एकाचं फुकट गेलेलं पाकीट दुसऱ्याच्या संचात बसतं. ब्यूगल रॉकवर बसून आम्ही न शिकता हेच करत होतो.

हे बिघडतं कसं, तेही मी बसवनगुडीतच पाहिलं. इथल्या नॅशनल हायस्कूलचा अनिल कुंबळे 1990 मध्ये कसोटी खेळला, आणि पुढे क्रिकेटच्या ट्रंप कार्डांत त्याचा पत्ता आला. आपल्या भागातला मुलगा! डबल असला, ट्रिपल असला, तरी कुणी सोडायला तयार नाही. धाकट्या भावंडांचे संच कुंबळेपाशीच अडले. प्रेमापोटीच सगळं चाललेलं, पण बाजार थिजला.

आता माझी भाची लॅपटॉपवर 'द सिम्स 4' खेळते. त्या खेळात घर बांधायचं, नोकरी करायची, मुलं वाढवायची. 2016 मध्ये आलेल्या 'किड्स रूम स्टफ'मुळे त्यातली मुलं व्हॉइडक्रिटर नावाच्या चित्रविचित्र प्राण्यांचे पत्ते जमवतात. पत्ते 20. ती पाकिटामागून पाकीट उघडत होती आणि तेच तेच प्राणी निघत होते. 'मामा, हा खेळ मुद्दाम देत नाही,' ती म्हणाली. सगळे पत्ते सारख्याच प्रमाणात निघतात असं धरून मी तिला 72 चा हिशेब कागदावर मांडून दाखवला. या खेळात पत्त्यांची अदलाबदल करता येते, ही मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. म्हणून तिला सांगितलं, निम्मा संच होईपर्यंत पाकिटं घ्यायची, मग हात आखडायचा, आणि एकही डबल टाकायचा नाही.

मोबाइलवरच्या कित्येक खेळांत ही सोय नसते. तिथे तुमचा डबल तुमच्यापाशीच कुजतो आणि शेवटच्या पत्त्यापायी पुन्हा पुन्हा पैसे मोजावे लागतात. ठरावीक वस्तूंचा अख्खा संच नशिबाने जमवला तरच दुर्मीळ बक्षीस देणारी पद्धत जपानने 2012 मध्ये बेकायदा ठरवली. योग्यच केलं. संचाची शेवटची पायरी किती महाग असते हे मुलांना ठाऊक नसतं, विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. मुलांच्या हाती खेळ देण्याआधी त्यात देवाणघेवाण आहे का, एवढं मी आता हमखास बघतो.

भाचीचे अजून तीन पत्ते राहिलेत. पाकिटं घेणं तिने थांबवलंय. खेळातल्या तिच्या मुलाने पलीकडच्या घरातल्या दोन मुलांशी ओळख काढली आहे, आणि त्यांना घरी बोलवायचं ठरलंय. आधी मैत्री नीट जमू दे, मग पत्त्यांचं विचारते, असं ती म्हणाली.