पोटात एक, ओठांत एक

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. खामगावहून शेगावला निघाले होते. एस.टी.ला ही गर्दी! वरच्या दांडीला धरून कशीबशी उभी होते, तोच खिडकीशी बसलेली एक पोरसवदा बाई चटकन उठली आणि म्हणाली, "बसा ताई, अशा दिवसांत उभं राहू नये."

मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. 'अशा दिवसांत'? माझी मोठी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची, आणि पाठची जुळी सहा वर्षांची! पण आसपासच्या चारजणी ऐकत होत्या. नाही म्हणायची लाज वाटली, आणि खोटं कशाला सांगू, कंबर इतकी भरून आली होती की मी मुकाट्याने बसले. तिने पुढे विचारलं, "कितवा?" मी म्हटलं, "सहावा."

त्या एका शब्दाने मला रात्रभर झोप लागू दिली नाही.

लोकांना वाटतं, बाई खाऊन खाऊन सुटली. मलाही तसंच वाटायचं. भात सोडला, रात्रीचं जेवण निम्म्यावर आणलं, सकाळी ओव्याचं पाणी प्यायले, पहाटे फिरायला गेले. वर्षभरात सात किलो वजन उतरलं. गाल बसले, बांगड्या सैल झाल्या, पण पोट होतं तसंच. उलट आता ते ओल्या चादरीसारखं लोंबायला लागलं. मी शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. लागोपाठ तीन तास उभी राहिले की पाठीतून कळा यायच्या. साडी नेसून वर्गात शिरले की मागच्या बाकावरच्या मुली एकमेकींकडे बघायच्या, तेही दिसायचं.

शेवटी पाठीसाठी म्हणून फिजिओथेरपीच्या बाईंकडे गेले. त्यांनी मला उताणं निजवलं, डोकं जरासं उचलायला सांगितलं आणि बेंबीच्या वर मधोमध बोटं ठेवली. चार बोटं आत गेली! त्या म्हणाल्या, पोटाच्या पुढच्या बाजूला स्नायूंचे दोन उभे पट्टे असतात. गरोदरपणात ते मधून बाजूला होतात. बहुतेकींचे काही महिन्यांत पुन्हा जवळ येतात, काहींचे येत नाहीत. तुमची जुळी होती, ताण जास्त पडला. मैत्रिणींनो, हे ऐकून मला रडू आलं. आजवर मी स्वतःलाच खादाड म्हणून बोल लावत होते, आणि इथे तर शिवणच उसवली होती!

त्यांनी सांगितलेले व्यायाम सहा महिने केले. चाराची तीन बोटं झाली, पाठही थोडी सुधारली. (मनाने जोरजोरात पोटाचे व्यायाम मात्र करू नका, मी आधी तेच केलं होतं. पट्टे दूर झालेले असताना त्याने मधला भाग आणखी फुगू शकतो, हे मला मागाहून कळलं.) पुढे त्यांच्याच सांगण्यावरून अकोल्याला सर्जनना दाखवलं. ते म्हणाले, बेंबीशी छोटा हर्नियाही आहे. तो शिवताना स्नायूंचे पट्टे जवळ आणून टाके घालता येतील आणि खालची लोंबती कातडी काढता येईल. ह्याला 'टमी टक' म्हणतात. चीर एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत येईल. पुन्हा मूल नको असेल तरच करा, आणि बारीक होण्यासाठी मुळीच करू नका, वजनाला फारसा फरक पडत नाही.

'प्लास्टिक सर्जन' हे नाव ऐकून ह्यांना वाटलं, पोटात प्लास्टिक बसवतात की काय! घरी येईपर्यंत मी ह्यांचा तास घेतला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ घडवणं, आकार देणं. कावसजी नावाच्या गाडीवानाचं टिपूच्या माणसांनी कापलेलं नाक १७९३ च्या सुमारास पुण्यात एका देशी वैद्याने कपाळाची कातडी वळवून नवं करून दिलं होतं, आणि १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात त्याची हकीकत चित्रासकट छापून आली होती. आणि दूर कशाला, आपल्याच विदर्भात, नागपूरच्या मेडिकल कॉलेजात १९५८ साली डॉ. सी. बालकृष्णन यांनी ह्या शास्त्राचा देशातला पहिला स्वतंत्र विभाग सुरू केला. हे म्हणाले, "ते नाकाचं झालं. नाक सगळ्यांना दिसतं."

तिथेच घोडं अडलं. खर्च सव्वा लाखाच्या आसपास. भिशीचे आणि शिकवण्यांचे साठवलेले पैसे माझेच होते, ह्यांची हरकतही नव्हती. पण घरात सांगायचं काय? बाईने पाय मोडला तर खर्च समजतो, गर्भाशय काढलं तर समजतो. पोटाची कातडी काढायला सव्वा लाख? मग मी ठरवलं, हर्निया तर आहेच, तेवढंच सांगायचं. सासूबाईंना सांगितलं, नणंदबाईंना सांगितलं, शाळेत सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

ऑपरेशन यंदा मेच्या पहिल्या आठवड्यात झालं. खामगावच्या उन्हाळ्यात, पारा ४४ वर! वेड्यासारखी वेळ निवडली असं वाटेल, पण सहा आठवडे ओझं उचलायचं नाही म्हटल्यावर दिवाळीची सुट्टी पुरणार नव्हती. आमच्या विदर्भात शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, आणि तासिकेवाल्यांना मे महिन्याचा पगार तसाही नसतो.

दुखण्याचं फार सांगत नाही, गोळ्यांनी ते सोसवतं. चकित करतात त्या दुसऱ्याच गोष्टी. सरळ उभंच राहता येत नाही. दहा-बारा दिवस मी म्हातारीसारखी कमरेत वाकून चालत होते. पाठीवर सपाट निजलं की टाके ओढतात. तेव्हा कामी आली ती सासऱ्यांची जुनी कापडी आरामखुर्ची. पंधरा रात्री मी तिच्यातच गुडघ्याखाली उशी घेऊन झोपले. दुसऱ्या दिवसापासून घरातल्या घरात थोडं थोडं चालायला लावलं होतं, पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. पोटातून दोन नळ्या काढलेल्या, त्यांच्या टोकाला चेंडूसारख्या दोन पिशव्या. त्यांत साठलेलं पाणी सकाळ-संध्याकाळ मोजून मी वहीत लिहायची. दिवसाचं ३० मिलीच्या खाली आल्यावर आठव्या दिवशी नळ्या निघाल्या. तोवर त्या लोंबत राहू नयेत म्हणून परकराला आतून खिसे शिवून ठेवले होते, ते फार उपयोगी पडले. शेजारच्या फोडणीचा ठसका आला की पोटाशी उशी दाबून धरायची. रोज पपई आणि रात्री इसबगोल घ्यायचं, कारण कुंथणं म्हणजे टाक्यांचा जीव घेणं. नळ्या निघाल्या तरी ताप आला, जखम लाल झाली, पोट पाण्याने डबडबलं किंवा एकच पोटरी सुजून दुखली, तर मात्र वाट न बघता डॉक्टर गाठायचे.

आणि पट्टा! छातीखालून मांड्यांच्या वरपर्यंत घट्ट पट्टा, रात्रंदिवस. खसच्या कूलरसमोर बसूनही आतून घामाच्या धारा. पट्ट्याखाली सुती बनियन घातल्यावर घामोळ्या जरा थांबल्या. माझं माहेर बुलढाण्याचं, घाटावरचं. आई म्हणाली, वर ये, हवा थंड आहे. पण बोथ्याच्या घाटाची वळणं डोळ्यांपुढे आली आणि मी खालीच राहिले.

खरी पंचाईत पाण्याची. आमच्याकडे नळ रोज येत नाही. आला की घरातलं सगळं भांडं-कुंडं भरून ठेवावं लागतं, आणि मला तर तांब्यापेक्षा जड काही उचलायची बंदी. ह्यांनी बनियनवर अंगणात उभं राहून हंडे भरले. आळीतल्या बायका गच्चीवरून बघत होत्या. वाळवणाचे दिवस, सगळ्यांच्या गच्चीवर कुरडया-पापड, आमची गच्ची मोकळी. सासूबाईंनी एकटीने गव्हाचा चीक काढून दोन पायल्यांच्या कुरडया घातल्या. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी. मी आरामखुर्चीतून ते बघत होते, आणि पोटातली गोष्ट पोटात ठेवणं रोज जड होत चाललं होतं.

पट्टा बांधून द्यायचं काम त्यांनीच आपणहून घेतलं होतं. जुळ्यांच्या वेळी सव्वा महिना त्यांनीच माझं पोट जुन्या लुगड्याच्या पट्टीने बांधलं होतं, त्यामुळे हात सरावलेला. मी आधी ड्रेसिंग झाकून घ्यायची. तिसऱ्या आठवड्यात ड्रेसिंग निघालं आणि त्यांना ती चीर दिसली. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यांचे हात थांबले.

"हरनियाले एवढं चिरतात काय वं?"

मी सगळं सांगितलं. पैशांचा आकडासुद्धा.

त्यांनी पट्टा बांधला, हुक लावले आणि उठून गेल्या. दोन दिवस चहा-जेवण वेळेवर समोर यायचं, शब्द मात्र नाही. मला वाटलं, पैशांचा राग. तिसऱ्या दिवशी पट्टा बांधता बांधताच बोलल्या, "तुनं सांगतलं असतं तं म्या नाईच म्हनलं असतं. म्हनूनच नाई सांगतलं नं?"

मी मान हलवली.

"माह्या पोटाले चार लेकरं झाले. मंग सरकारी कॅम्पात नेलं. आठव्या दिवशी मी निंदाले गेली. माह्या पोटाकडं कोनं पाह्यलं?"

त्यात दया मागणं नव्हतं. हिशेब मागणं होतं, आणि तो माझ्याकडे नव्हता. मी नुसतं म्हटलं, "दाखवा बघू." "कायले?" म्हणाल्या. पण मग दार लोटून त्यांनी नऊवारीच्या निऱ्या सैल केल्या. बेंबीशी लिंबाएवढा फुगा. निजल्या की आत जातो, हंडा उचलला की बाहेर येतो. वीस वर्षं त्यांनी तो निऱ्यांच्या गाठीखाली दाबून ठेवला होता. मी सगळ्यांना 'हर्निया' म्हणून सांगत फिरत होते, आणि पायलीपायलीच्या कुरडया घालणाऱ्या बाईच्या पोटात माझ्याहून मोठा हर्निया होता.

माझा पट्टा सुटल्यावर त्यांना खामगावातच डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, आतडं अडकलं नाही हे नशीब. फुगा कडक झाला, आत जाईना, दुखायला लागला किंवा उलट्या झाल्या, तर रात्री दोन वाजता असलं तरी दवाखान्यात यायचं. ऑपरेशन करून घ्या. सासूबाई म्हणाल्या, "पाहू, पालखी झाल्यावर."

गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परत येताना खामगावला मुक्काम करते आणि दुसऱ्या दिवशी शेगावला पोचते. त्या दिवशी खामगावची हजारो माणसं पालखीबरोबर चालत निघतात, सोळा-सतरा किलोमीटर. सासूबाईंची ही वारी कधी चुकली नाही. यंदा मी बरोबर होते. ऑपरेशनला तीन महिने होत आले होते. बेंबीखाली अजून बधिर वाटत होतं, आजही वाटतं. व्रण लालसर आहे, फिका पडायला वर्ष जाईल म्हणतात. संध्याकाळी पोट थोडं सुजतं. वजनात फरक जेमतेम दीड किलोचा. पण पाठ सरळ ठेवून मी सहा-सात किलोमीटर चालले, मग मागून हे स्कूटर घेऊन आले. मी सासूबाईंना म्हटलं, तुम्हीही बसा. त्यांनी नुसता हात हलवला आणि पुढे गेल्या, डावा हात निऱ्यांच्या गाठीवर दाबलेला.

त्यांची तारीख आता दिवाळीनंतरची आहे. आरामखुर्चीचं कापड बदलून घेतलं आहे. ह्या वेळी पट्टा मी बांधणार. नणंदबाईंना माझं खरं अजून सांगितलेलं नाही. त्यांच्याकडे हे साप्ताहिक येतं.